सहल कॉर्कची, हिशेब दहा जणांचा

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत रजा म्हटली की मुंबईचे तिकीट, हे ठरलेलेच असते. मुंबईला उतरायचे, ठाणे-भायखळ्याच्या नातेवाइकांच्या भेटी उरकायच्या, एक दिवस लाँचने मांडव्याला उतरून अलिबाग गाठायचे, खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या जागी मलिदा करून नवस फेडायचा आणि लोणच्या-पापडांनी फुगलेल्या बॅगा घेऊन परत फिरायचे. त्यात वाईट काहीच नाही. आम्ही अशा सहली पुष्कळ केल्या. पण आमची मुले परदेशात वाढली. त्यांनी यंदा स्पष्टच सांगितले, "एकदा तरी अशा ठिकाणी चला, जिथे आपला एकही नातेवाईक नाही!"

त्यांची मागणी तशी माफक होती. पायी फिरता येईल असे एक जुने शहर हवे, आणि जिथे डोंगर थेट पाण्यात उतरतो असा एक समुद्रकिनारा हवा. आठवड्याभरात दोन्ही व्हावे, आणि रोज बॅगा बांधाव्या लागू नयेत.

आमचे घराणे तीन देशांत विखुरलेले आहे. निम्मे इस्राएलात, काही लंडनला, आणि एक आत्या ठाण्याला. सगळे गेले तरी ती गेली नाही. तिघांना सोयीचे ठिकाण शोधता शोधता लंडनच्या मंडळींनी आयर्लंडचे नाव काढले. भाषा इंग्रजी, गाड्या आपल्याकडच्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, आणि जून महिन्यात अश्दोदला अंगाची लाही होत असताना तिकडे संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो. एवढी कारणे पुरेशी झाली.

मग नकाशा पसरून बसलो. पहिली सूचना डब्लिन आणि जायंट्स कॉजवे अशी आली. डब्लिनला आपल्या लोकांनी पाहण्यासारखी एक जागा निश्चित आहे. वॉलवर्थ रोडवरच्या जुन्या सिनॅगॉगमध्ये आयरिश ज्यू संग्रहालय आहे, आणि त्याचे उद्घाटन १९८५ साली इस्राएलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग यांनी केले. हर्झोग यांचा जन्म बेलफास्टचा, १९१८ चा, आणि त्यांचे बालपण डब्लिनला गेले. जायंट्स कॉजवे म्हणजे षट्कोनी दगडी खांबांचा किनारा, सुमारे चाळीस हजार खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. हा दगड बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच जातभाई. पण ही जागा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात येते. आत्याचा पासपोर्ट भारताचा. तिच्यासाठी एका आठवड्यात दोन राज्यांच्या कागदपत्रांचा घोळ नको, म्हणून ही सूचना मागे पडली.

दुसरी सूचना गॉलवे आणि मोहेरच्या कड्यांची. हे कडे समुद्रापासून दोनशे मीटरहून अधिक उंच उठलेले आहेत. छायाचित्रे पाहून मुले वेडी झाली. आत्याने चष्मा पुसून छायाचित्र पाहिले आणि विचारले, "तिथे वर उभे राहून वारा खायचा, हे समजले. पण बसायचे कुठे?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे.

तिसरी सूचना कॉर्कची. तीच पक्की झाली.

कॉर्क हे आयर्लंडच्या दक्षिण टोकाचे बंदर. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ दलदल. ली नदीचे दोन फाटे शहराला मिठी मारतात आणि मधल्या बेटावर जुना भाग वसलेला आहे. तिथल्या काही रस्त्यांखाली पूर्वी पाणी होते आणि त्यांतून होड्या चालत असत. सात बेटे जोडून झालेल्या मुंबईच्या माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. दलदल म्हणजे सपाटी, आणि सपाटी म्हणजे आत्याला चालता येईल असे शहर. एकोणिसाव्या शतकातले शँडनचे घड्याळ आहे. त्याच्या चार तोंडांवर चार वेळा दिसतात म्हणून गावकरी त्याला चार तोंडांचा लबाड म्हणतात. १७८८ पासून चालत आलेला इंग्लिश मार्केट नावाचा झाकलेला बाजार आहे. आणि कॉर्कहून पश्चिमेला निघाले की अटलांटिकचा खडकाळ किनारा सुरू होतो, तो संपतच नाही.

एवढ्यावर आमचे ठरलेच होते. पण शहराची माहिती काढत असताना आम्हाला आणखी एक गोष्ट कळली, आणि सहलीला वेगळेच वळण लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियातल्या खेड्यांतून, रशियन झारच्या राज्याला कंटाळून, काही ज्यू कुटुंबे कॉर्कला उतरली. लोक अशी कथा सांगतात की बोटीवर कोणी तरी "कॉर्क, कॉर्क" असे ओरडले, ते यांना "न्यूयॉर्क" ऐकू आले, आणि अमेरिका आली असे समजून बिचारे सामानासकट उतरले. कथा खरी असो वा नसो, ती ऐकून आम्हाला हसू आले आणि लगेच आपली कथा आठवली. आपल्याही पूर्वजांना नवगावला उतरायचे नव्हते. तारू फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच मूठमाती मिळाली. नकाशा पाहून कोणी नवगाव निवडले नव्हते.

कॉर्कच्या या मंडळींनी गोदी आणि गॅसच्या कारखान्याजवळ, आल्बर्ट रोडच्या आसपास, कामगारांसाठी बांधलेल्या छोट्या विटांच्या घरांत बिऱ्हाडे केली. त्या भागाला गावाने ज्यूटाउन हेच नाव दिले. पुरुष पाठीवर गाठोडे घेऊन खेडोपाडी फिरत आणि आठवड्याच्या हप्त्याने माल विकत. आपल्या पूर्वजांची ओळख घाण्यावरून आणि शनिवारच्या सुटीवरून शनवार तेली अशी झाली, यांची ओळख गाठोड्यावरून झाली. ऐन भरात या वस्तीत चारशेच्या आसपास माणसे होती. साउथ टेरेस या रस्त्यावर त्यांचे सिनॅगॉग होते.

पुढे काय झाले असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे काय? मुले शिकली. कोणी डॉक्टर झाले, कोणी वकील. डब्लिनला गेली, लंडनला गेली, इस्राएलला गेली. वस्तीत म्हातारी माणसे उरली. मग तीही उरली नाहीत. शब्बाथला दहा पुरुष जमेनात. बाहेरगावच्या पाहुण्यांवर काही वर्षे निभावले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये साउथ टेरेसचे सिनॅगॉग बंद झाले. कोणी हाकलून लावले नाही, कोणी आग लावली नाही. माणसे बरी स्थिती येऊन पांगली, एवढेच.

कॉर्कने या लोकांना कसे वागविले, हेही सांगितले पाहिजे. १९०४ साली जवळच्या लिमरिक शहरात एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या प्रवचनानंतर ज्यू व्यापाऱ्यांवर बहिष्कार पडला आणि कुटुंबे गाव सोडून गेली. त्यांतले गोल्डबर्ग कुटुंब कॉर्कला आले. त्यांचा मुलगा जेराल्ड गोल्डबर्ग १९१२ साली कॉर्कलाच जन्मला, वकील झाला आणि १९७७ साली शहराचा लॉर्ड मेयर झाला. त्याच वर्षी नदीवर एक पादचारी पूल बांधून झाला आणि त्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. गावाने लगेच त्या पुलाला पासओव्हर असे टोपणनाव दिले. कॉर्कच्या माणसाची थट्टा अशी आहे.

ज्यूटाउनच्या जागी १९८९ साली शालोम पार्क नावाची बाग झाली. तिथे मॅडी लीच या न्यूझीलंडच्या कलावतीने २०११ साली दिव्यांची एक रचना केली. एका ओळीत नऊ दिवे आहेत. नववा दिवा वर्षभर विझलेला असतो. तो हानुक्काच्या शेवटच्या संध्याकाळी थोडा वेळच लागतो. ज्या गावात हानुक्कियाला काडी लावणारी घरे जवळजवळ उरली नाहीत, तिथे ही एक संध्याकाळ नगरपालिका सांभाळते.

हे सारे वाचून झाल्यावर आत्याने बोटे मोजायला सुरुवात केली. "तेरा वर्षांच्या वरचे पुरुष किती येणार?"

सात होते. ती म्हणाली, "लंडनच्या व्याह्यांना विचारा. त्यांचे दोन मुलगे आहेत. म्हणजे दहा झाले. एक शब्बाथ त्या गावात तेफिल्ला होऊ दे." मुलींनी विचारले, "आम्हाला मोजत नाहीस ती का?" हा वाद अजून मिटलेला नाही. पण व्याह्यांना फोन गेला, आणि ते आनंदाने तयार झाले.

अशा रीतीने सहलीची आखणी शब्बाथपासून दोन्ही बाजूंना झाली. ज्यांना तसे करावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. आयर्लंड फार उत्तरेला आहे. जूनमध्ये कॉर्कला सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे तारे दिसून हब्दाला व्हायला रात्रीचे अकरा सहज उलटून जातात. लहान मुलांना दुपारी झोपविले पाहिजे. उलट डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. नववा दिवा लागलेला पाहायचा तर हानुक्कात जावे लागेल, पण त्या दिवसांत किनाऱ्यावर अंधार, पाऊस आणि वारा. आम्ही जून निवडला. दिवा विझलेलाच पाहू.

दुसरी गोष्ट जेवणाची. कॉर्कला कोशेर खानावळ मिळेल या भरवशावर कोणी जाऊ नये. आम्ही स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणार आहोत, आणि आपले पातेले, तवा, सुऱ्या बरोबर नेणार आहोत. इंग्लिश मार्केट रविवारी बंद असते, म्हणून शुक्रवारी सकाळीच मासळी आणायची. खवल्यांचे आणि परांचे मासे तिथे हवे तितके मिळतात. सामन आहे, हॅडक आहे, आणि त्या समुद्रातला बांगडाही आहे. आपल्या बांगड्यापेक्षा तो थोडा निराळा, पण हिरव्या वाटणाला आणि नारळाच्या दुधाला नाही म्हणणार नाही. दूध डब्यातले चालवून घ्यावे लागेल. आमसुले ठाण्याहून येतील.

शब्बाथच्या दुपारी गाडीची गरज पडत नाही, हा कॉर्कचा मोठा गुण. साउथ टेरेस, तो पूल आणि शालोम पार्क ही तिन्ही ठिकाणे रमतगमत पायी होण्यासारखी आहेत. सिनॅगॉगची इमारत बाहेरूनच पाहायची.

रविवारी आगगाडीने कोव्ह. कॉर्कहून पंचवीस मिनिटांचा रस्ता, खाडीच्या कडेकडेने जाणारा. कोव्ह हे गाव टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेले, रंगीत घरांचे. इंग्रजांच्या राज्यात त्याला क्वीन्सटाउन म्हणत. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंड सोडून गेलेल्या साठ लाखांपैकी सुमारे पंचवीस लाख माणसे याच धक्क्यावरून गेली असे सांगतात. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक शेवटची थांबली ती इथेच. धक्क्यावर ॲनी मूर या मुलीचा आपल्या दोन धाकट्या भावांसह पुतळा आहे. ती डिसेंबर १८९१ मध्ये इथून निघाली, आणि १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस बेट उघडले तेव्हा तिथे नोंदविलेली ती पहिली प्रवासी ठरली. बॅलार्ड पियरवर किंवा सांताक्रूझच्या विमानतळावर ज्यांनी आपल्या माणसांना निरोप दिला आहे, त्यांना कोव्हच्या धक्क्यावर फार समजावून सांगावे लागणार नाही.

त्यानंतर भाड्याच्या मोटारीने पश्चिमेला. इस्राएलात उजव्या बाजूने गाडी चालविणाऱ्यांनी तिथल्या अरुंद रस्त्यांवर धाडस करू नये, म्हणून चाक लंडनच्या मंडळींच्या हाती दिले आहे. वाटेत किन्सेल. तिथला चार्ल्स फोर्ट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, चांदणीच्या आकाराचा. तोफा आल्यावर किल्ल्यांच्या भिंती बुटक्या आणि जाड कशा झाल्या ते तिथे कळते. अलिबागचा कुलाबा आणि कोर्लई ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तुलना करायला मजा येईल. पुढे मिझेन हेडचे कडे. आकाश स्वच्छ असले तर त्या किनाऱ्यावरून फास्टनेटचा दीपस्तंभ दिसतो. अमेरिकेला जाणाऱ्यांना आपल्या देशाचा तोच शेवटचा तुकडा दिसत असे, म्हणून त्या खडकाला आयर्लंडचा अश्रू म्हणतात.

कॉर्कपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, शीप्स हेड या चिंचोळ्या भूशिरावर, अहाकिस्ता नावाचे छोटे गाव आहे. २३ जून १९८५ च्या सकाळी एअर इंडियाचे कनिष्क विमान या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकवर बाँबने फुटले. माँट्रियलहून लंडन आणि दिल्लीमार्गे मुंबईला यायचे ते विमान. त्यातले सर्व ३२९ जण गेले. बहुतेक भारतीय वंशाची, कॅनडात स्थायिक झालेली कुटुंबे होती. मुलांना शाळेच्या सुटीत आजी-आजोबांकडे नेत होती. म्हणजे आपल्यासारखीच रजेवर निघालेली. सापडलेले मृतदेह कॉर्कच्या इस्पितळात आणले गेले, आणि कॅनडा-भारतातून आलेल्या नातेवाइकांना कॉर्कच्या लोकांनी धीर दिला. अहाकिस्ताला समुद्राकाठी सूर्यघड्याळ आणि नावे कोरलेली भिंत आहे. दर वर्षी २३ जूनला सकाळी, विमान पडले त्या वेळेला, नातेवाईक आणि गावकरी तिथे जमतात. पुढच्या पिढीतले गावकरीही येतात. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नाही अशा माणसांची ती आठवण आहे.

आम्ही सहलीचे दिवस असे बसविले आहेत, की ती सकाळ आम्हाला तिथे मिळावी. नवगावच्या माणसांनी समुद्राने आणून टाकलेल्या चौदा जणांना जागा दिली, आणि मेलेल्यांना मातीही दिली. ते कोण, कुठले, हे त्यांना ठाऊक नव्हते. अहाकिस्ताच्या माणसांनीही तेच केले. मुलांना नवगावची कथा आम्ही शंभर वेळा सांगितली, पण ती त्यांना पुराणासारखी वाटते. अहाकिस्ताला ती डोळ्यांसमोर दिसेल असे वाटते.

आता अडचणीची गोष्ट. इस्राएलातल्या आमच्या दोघा भावांनी प्रश्न काढला. मे २०२४ मध्ये आयर्लंडने पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये इस्राएलने डब्लिनमधली आपली वकिलात बंद करण्याचे जाहीर केले. अशा देशात सहलीला जावे काय? दोन रात्री यावर बोलणे झाले. एकाचे मत पडले की सरकारांचे भांडण सरकारांकडे, आपण जातो आहोत ते एका बंद पडलेल्या सिनॅगॉगसाठी. दुसऱ्याचा मुलगा सैन्यात आहे. तो म्हणाला, "तुम्ही खुशाल जा. माझे मन तयार नाही." आम्ही त्याला आग्रह केला नाही. दहाचे नऊ झाले.

प्रवासाच्या दृष्टीने एवढे सांगतो. वकिलात नसल्यामुळे इस्राएली पासपोर्ट हरविला तर खटपट मोठी, तेव्हा प्रती जवळ ठेवाव्या. लंडनहून जाणाऱ्या इस्राएली पासपोर्टवाल्यांना ब्रिटनमध्ये शिरण्यासाठी जानेवारी २०२५ पासून ई.टी.ए. ही परवानगी आधी काढावी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांना आयर्लंडचा व्हिसा स्वतंत्र लागतो, शेंगेनचा चालत नाही. तो आधी हाती घ्यावा, तिकिटे मागाहून काढावी.

नऊ झाले हे आत्याला कळविले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कॉर्कला दहा जमवायला तुम्ही तीन देशांतून निघालात. रेवदंड्याला जमवायला कितीसे लांब आहे रे?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. कोकणातल्या आपल्या सिनॅगॉगांची स्थिती वाचकांना माहीत आहे. काही गावांत एखाद-दुसरे घर, काही गावांत कुलूप आणि किल्लीवाला. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे आली तर सेफेर तोरा बाहेर निघते. आपण सारे बरी स्थिती येऊन पांगलो, कॉर्कवाल्यांसारखेच. आपली आडनावे मात्र गावांना धरून राहिली आहेत. पेणकर, रोहेकर, नवगावकर हे अश्दोदच्या टपालपेट्यांवरही लिहिलेले असते. गावाचे नाव आपण जगभर नेले, आणि गावात नाव पुकारायला दहा जण नाहीत. कॉर्कच्या रिकाम्या बाकांविषयी हळहळणे सोपे आहे, कारण ते बाक आपण रिकामे केलेले नाहीत.

म्हणून सहलीच्या वहीत एक पान जोडले आहे. पुढच्या रजेत हीच मंडळी रेवदंड्याला एक शब्बाथ काढतील. तीन घरांनी त्यासाठी दरमहा पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे. मुलांनी यालाही होकार दिला, मात्र अट घातली की किल्ला आणि समुद्र दोन्ही दाखविले पाहिजे. रेवदंड्याला दोन्ही आहेत. जुने शहर आणि किनारा शोधत आम्ही आयर्लंडपर्यंत गेलो खरे!

कॉर्कला आज थोडी ज्यू कुटुंबे पुन्हा राहतात असे कळते. त्यांना पत्र लिहिणार आहोत. शब्बाथला आमच्या भाड्याच्या घरी या, भात आणि बांगड्याचे कालवण असेल, आणि तेफिल्ला आमच्या चालीवर होईल, तेवढे चालवून घ्या. आपल्या समाजातले कोणी कामाच्या निमित्ताने आयर्लंडला असतील, तर त्यांनीही मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे. आम्ही नऊ आहोत. दहावा हवा आहे.